दिगूदादा, तुझी कंबर कधीच दुखली नाही

दादा,

तुझ्या फोटोशेजारी त्यांनी जीपचा फोटो ठेवला होता. तुझ्या फोटोला हार आणि जीपच्या फोटोलाही हार. शांती नगरातल्या आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. पुढे सतरंजीवर सुमनवहिनी बसल्या होत्या आणि तुझ्या रविवारच्या भटकंतीच्या चिखल मंडळाचे सभासद एकामागून एक उठून जीपविषयी बोलत होते. चार वर्षांपूर्वी तू विकून टाकलेल्या जीपविषयी. खाली आवारात तुझी नवी, काचबंद गाडी उभी होती, कच्छच्या रणात आणि हिमाचलच्या घाटांत जाऊन आलेली. तिचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. जणू ती चार वर्षं तू आजारी होतास.

मग मोरव्याचा भालू उठला. तुझा सगळ्यात जुना दोस्त, मंडळाचा पुढारी. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, ते मी नाकारत नाही. म्हणाला, "दिगूची कंबर गेली, म्हनून. न्हायतर तो जीप सोडनारा गडी नव्हता. कंबरंनं दगा दिला आमच्या वाघाला."

सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी सतरंजीकडे बघत राहिल्या.

दादा, तुझी कंबर कधीच दुखली नाही. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि वहिनींना ठाऊक होतं. तू गेलास, आणि तुझं हे खोटं मात्र गळ्यात हार घालून तिथं बसलं.

मी जीपचा वैरी नाही. क्लच म्हणजे काय हे मी त्याच जीपवर शिकलो, हाटकेशच्या तुझ्या वर्कशॉपबाहेरच्या खडीवर. म्हसळ्याहून बारावी होऊन आलो तेव्हा मला मुंबईत ओळखीचं कोणी नव्हतं. तू मला बिलं लिहायला ठेवून घेतलंस आणि संध्याकाळी पाचच्या ठोक्याला कॉलेजला पिटाळलंस. लेथ चालू असायची, ऑर्डर अडलेली असायची, तरी तू ओरडायचास, "ए बीकॉम, निघ! लेक्चर चुकेल." तेव्हा मी एफवायला होतो. मी म्हटलं, दादा, अजून झालो नाही. तू म्हणालास, "नाव आधीच ठेवून टाकलंय. आता नापास होऊन माझी अब्रू घालवू नको." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती मला तू चढवलीस. म्हणूनच तुझ्यावर रागावायचा हक्क माझा आहे असं मी धरून चाललोय.

जीप लष्कराच्या लिलावातली. दारं नाहीत, छत म्हणजे ताडपत्री. मागे आडवे तोंड करून बसायचे दोन लोखंडी बाक. पुढची काच बोनेटवर आडवी पाडता यायची. चारही चाकांना जोर द्यायचा एक आखूड दांडा गिअरशेजारी होता. तो ओढताना तू दर वेळी "जय भवानी" म्हणायचास. रविवारी पहाटे काशिमिऱ्याहून हायवेला लागायचं, मनोरला वळायचं आणि पुढे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला जिथे डांबर संपेल तिथून आपली मजा सुरू. ओढे, दगड, चिखल. गाडी रुतली की भालू खुश. फावडं घेऊन उतरताना त्याच्या तोंडावर लग्नघरातलं हसू असायचं.

मंडळाचे नियम होते. पावसात ताडपत्री लावायची नाही. बाकावर गादी टाकायची नाही. आणि बायका न्यायच्या नाहीत. हा तिसरा नियम कधी कोणी बोलून दाखवला नाही, तशी गरजच नव्हती. ती जीप छातीएवढी उंच, पाय ठेवायला काही नाही. एका चाकावर पाय, लोखंडी दांड्याला हात आणि झोकून द्यायचं अंग. नेसत्या साडीत, पाच पुरुषांसमोर, कोणती बाई असं चढेल? मंडळाने नियम केला नव्हता, पण जीप तशीच राहील याची काळजी मात्र घेतली होती.

वहिनी पहाटे चारला उठून सगळ्यांच्या पोळ्या लाटायच्या. सुकं बटाट्याचं, ठेचा, भालूला वेगळी सुकट. रात्री तू चिखलाचा पुतळा होऊन यायचास आणि सोमवारी त्या कपडे घासत बसायच्या, तेही त्या काळात, टँकरच्या पाण्यात. एकदा मी डबे घ्यायला वर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय हो भाऊजी, तिथं असतं तरी काय?"

मी म्हटलं, "डोंगर असतात. नदी असते."

"आणि?"

"आणि दगड."

"दगड बघायला पहाटेचे जाता?" त्या म्हणाल्या आणि डब्याला फडकं बांधत राहिल्या. मला वाटलं थट्टा करतायत. तुला मात्र ते कळलं. मी तुला सहज सांगितलं तर त्या दिवशी मनोरपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस.

माझ्या आईची गोष्ट तू मंडळात रंगवून सांगायचास. माझा निकाल लागला तेव्हा तू तिला म्हसळ्याहून जीपमध्ये घालून मीरा रोडला आणलंस. तुला तो तिचा सन्मान वाटला होता. ती मागच्या बाकावर दोन्ही हातांनी दांडा धरून बसली, माणगावला ओकली आणि उतरल्यावर म्हणाली, "बाबा, ही गाडी हाय का ताक घुसळायची रवी?" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पण पुढे तुझ्या नव्या गाडीतून तिला डोळ्याच्या ऑपरेशनला आणलं, तेव्हा ती इंदापूरला झोपली ती पनवेलला उठली. "आलं व्हय मुंबय?" म्हणाली. तेव्हा तू आरशातून माझ्याकडे बघितलंस. हसला नाहीस.

मला त्या दिवशी जे कळलं ते शोकसभेत ओरडून सांगावंसं वाटत होतं. माझ्या आईने जन्मभर डोक्यावर भारे वाहिले, एसटीच्या मागच्या सीटवर हाडं मोडून घेतली. तिला खडतर प्रवासाची हौस कुठून असणार? ज्यांच्या घरी गादी आहे, पंखा आहे, हातात डबा देणारं माणूस आहे, त्यांनाच रविवारी जाऊन लोखंडावर बसावंसं वाटतं. बसा की! मीही बसलो, मजाही आली. पण त्याला मर्दानगी म्हणू नका, आणि जो गादीवर बसला तो मेल्यासारखा धरू नका.

ती नवी गाडी बघायला तू मला बरोबर नेलंस. लांब, बंद, डिझेलची, एसीची, पण चारही चाकांना जोर असलेली. दलाल बोनेट उघडून उभा, आणि तू आधी कुठे गेलास? डावीकडच्या सीटवर जाऊन बसलास. पाय लांब केलेस. मग मागच्या सीटवर. मग खाली उतरून दाराची उंची हाताने मोजलीस. दलाल म्हणाला, "साहेब, इंजिन तो देखो." तू म्हणालास, "इंजिन का देखेंगे बाद में. ये उंचा है." आठवड्याभरात तू वर्कशॉपमध्ये स्वतः वेल्डिंग करून दोन्ही बाजूंना पायऱ्या लावल्यास. वीतभर रुंद, वर खरखरीत पत्रा, चप्पल घसरू नये म्हणून.

गाडी घेऊन मंडळापुढे गेलो तेव्हा जयेश, आपला हार्डवेअरवाला, दुकानातून धावतच बाहेर आला. "अरे दिगू! ये तो सोफासेट है! टीव्ही किधर रखा?" तेव्हापासून गाडीचं नाव सोफासेट. भालूने पायरीवर पाय ठेवून बघितला. "ही कनासाठी रं? आजीबाय बसनार हाय का?"

मी तुझ्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता सांगशील. बायकोला डोंगर दाखवायचाय, सात जन्मांचे डबे खाल्लेत तुम्ही तिचे, म्हणशील. तू कमरेवर हात ठेवलास आणि म्हणालास, "डॉक्टर बोलला, जीप बंद. मणक्यात गॅप आलाय."

झालं. सगळ्यांचे चेहरे उतरले. जयेशने तुला स्टूल आणून दिलं. बिचारा दिगू. आणि तू त्या स्टुलावर बसलासही, दादा, कण्हत!

त्यानंतरची चार वर्षं मला विसरता येत नाहीत आणि म्हणून राग जास्त येतो. आपण तिघं किती फिरलो. तू गाडी चालवायचास, वहिनी शेजारी, मी मागे सामानात. कच्छच्या रणाच्या कडेला आपण थांबलो तेव्हा नजर जाईल तिथवर पांढरं. तू मोठ्या अभिमानाने म्हणालास, "बघ." वहिनींनी बघितलं. भाईंदरच्या मिठागराशेजारी जन्म काढलेली बाई ती. म्हणाल्या, "एवढं डिझेल जाळून मीठच दाखवायला आणलं होय?" तू स्टिअरिंगवर डोकं टेकून हसलास. डोळ्यांतून पाणी आलं तुझ्या. तुझ्याबरोबरच्या सगळ्या वर्षांत तुला तसं हसताना मी चिखल मंडळात कधी पाहिलं नाही.

पण परत आलो की मंडळात तू गप्प. "कसा झाला प्रवास?" "ठीक. कंबर धरली होती जरा." वहिनी चहा घेऊन यायच्या तेव्हा जयेश म्हणायचा, "भाभी, दिगू का खयाल रखने जाती हो ना साथ में? अच्छा है." वहिनी हसायच्या. म्हणजे त्या परिचारिका! त्या चार वर्षांत ती बाई हिमाचलात जाऊन आली, आणि चार माणसांत तिची जागा काय, तर नवऱ्याच्या मणक्याला आधार.

यावरून आपलं भांडण होतं. शेवटचं गेल्याच महिन्यात, काशिमिऱ्याच्या नाक्यावर, ट्रॅफिकमध्ये. मी म्हटलं, "सांगून टाक ना दादा. काय होईल?"

"कशाला? चाललंय ना."

"वहिनींचं काय?"

"तिला काय कमी आहे?"

"नाव," मी म्हटलं. "तिच्यासाठी केलंस, तर तिचं नाव घे."

तू हॉर्न वाजवलास. पुढे कोणी हलत नव्हतं, तरी वाजवलास. म्हणालास, "बीकॉम, तुला नाही कळायचं." ते भांडण तिथेच राहिलं. मला अजूनही कळलेलं नाही, आणि समजावून सांगणारा तू निघून गेलास.

तर त्या हॉलमध्ये भालू पुढे म्हणाला, रविवारी अस्थी घेऊन जायचं. मोखाड्याच्या बाजूला, त्या नदीवर, जिथे आपण जीप पहिल्यांदा पाण्यात घातली होती. आणि जायचं जीपमधूनच. ज्याला तू विकली होतीस त्या उत्तनच्या माणसाकडून त्याने ती एका दिवसासाठी मागून घेतली होती. "दिगूची शेवटची ट्रिप सोफासेटमधून न्हाय होनार," तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवता वाजवता आवरल्या.

कोणीतरी विचारलं, वहिनी?

"बाईमानसं न्हाय येत अस्थींना," भालू म्हणाला. "आनि जीपमदी कशा चढनार त्या?"

मी उठलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. आवाज चढला होता एवढं खरं. म्हणालो, दादाची कंबर ठणठणीत होती. ही गाडी त्याने वहिनींसाठी घेतली. पायऱ्या वहिनींसाठी लावल्या. तुमच्या टोमण्यांना भिऊन तो खोटं बोलला आणि तुम्ही आज त्या खोट्याला हार घातलाय. जयेश म्हणाला, "अरे, आज के दिन क्या बोलता है तू?"

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "खाली बसा."

मी बसलो. पण मला तेही सहन झालं नाही. सगळे गेल्यावर वर घरी त्यांना म्हटलं, तुम्ही मला का गप्प केलंत? अजून किती दिवस त्याला झाकणार?

त्या तुझं शर्टांचं कपाट आवरत होत्या. म्हणाल्या, "कमरेचं मीच सुचवलं होतं."

त्यांनी एका शर्टाची घडी घातली.

"ते म्हणत होते, सरळ सांगतो, सुमनला यायचंय म्हणून. मीच नको म्हटलं. म्हटलं, जन्मभर म्हणतील बायकोच्या ताटाखालचं मांजर. तुमची दोस्ती तुटेल आणि मोडली कोणी, तर हिने. त्यापेक्षा कंबर सांगा. कमरेला कोणी नावं ठेवत नाही."

दादा, मी घरी येऊन पुष्कळ विचार केला. माझा राग तेव्हा खाली बसायला हवा होता. तू भित्रा नव्हतास, तू तिचं ऐकलंस. पण तो बसला नाही, उलट वाढला. तिने स्वतःला पुसून टाकायची तयारी दाखवली, आणि तू "बरं" म्हणालास? एकदा म्हणणं समजू शकतो. जयेशने स्टूल आणलं त्या दिवशी म्हणालास, तेही समजू शकतो. पण पुढे चार वर्षं रोज? तिने सुचवलं म्हणून ते तुझं होत नाही का? तुझ्यासारख्या माणसाने, ज्याने माझं बीकॉम हे नाव निकालाआधीच घेतलं, त्याने तिचं घ्यायला एवढा उशीर करावा की वेळच उरू नये?

मी वहिनींना विचारलं, "मग आता रविवारी?"

त्यांनी कपाट लावलं. "तेव्हा ते होते, म्हणून लाज राखायची होती. आता कोणाची राखू?"

रविवारी सकाळी भालू जीप घेऊन कलश न्यायला आला, तेव्हा वहिनी गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या. कलश मांडीवर, पदराखाली. मी स्टिअरिंगवर. भालू खिडकीपाशी आला. "वैनी, तुमी कशाला येताव? रस्ता चांगला न्हाय."

"तुम्ही व्हा पुढे भाऊजी. आम्ही येतो मागनं."

"पन कलश जीपमदी..."

"कलश माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या आणि काच वर केली.

पुढे जीप, मागे आम्ही. मनोरला ते चहाला थांबले, आम्हीही थांबलो. कोणी वहिनींशी बोलेना, म्हणून वहिनींनीच सगळ्यांचा चहा सांगितला. नदीवर पोचल्यावर भालूने पुन्हा हात आडवा केला. उतार निसरडा आहे, तुम्ही वर थांबा. त्यांनी चपला काढल्या आणि उतरायला लागल्या. मध्ये एकदा पाय सरकला तर खडकाला धरून स्वतःच सावरल्या. पाण्यात गुडघ्याइतक्या गेल्या. त्यांनीच सोडलं तुला. भटजी नव्हते, मंत्र नव्हता. भालू मोठ्याने रडला.

मग त्या वळल्या. साडीचा काठ पिळत, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "भालूभाऊजी, ह्यांची कंबर कधी दुखत नव्हती. मला यायचं होतं. म्हणून गाडी घेतली."

भालूने डोळे पुसले. म्हणाला, "मंग आदी सांगाचं ना, वैनी. आमी काय खाल्लं असतं तुमाला?"

तो मनापासून म्हणाला, हे मला दिसत होतं. आणि त्याचाच संताप आला. एवढं सोपं होतं, तर चार वर्षं कशाला गेली? की सोपं नव्हतं, आणि आता तू नाहीस म्हणून सोपं झालंय? मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मला एकदा पलीकडे न्या."

"कुटं?"

"पाण्यातून. जीपमधून."

दादा, माझा चेहरा बघायला हवा होतास. शोकसभेपासून मी त्यांच्या वतीने भांडतोय, मऊ सीटची बाजू घेऊन सगळ्या गावाशी वैर घेतोय, आणि वहिनी पदर खोचून जीपच्या चाकावर पाय ठेवतायत! जयेश "भाभी, भाभी, संभाल के," करत हात द्यायला धावला. त्यांनी तो घेतला नाही. दांडा धरला, चढल्या, मागच्या बाकावर न बसता सरळ पुढे भालूशेजारी जाऊन बसल्या. काच बोनेटवर पाडलेली होती. भालूने आखूड दांडा ओढला, तुझ्यासारखंच ओरडला, आणि जीप पाण्यात गेली. पाणी उसळून आत आलं. मधल्या दगडांवर गाडी जोरात आदळली. मी काठावर, सोफासेटची किल्ली हातात घेऊन उभा. त्या पलीकडे गेल्या, तिथे जराशा थांबल्या, आणि परत आल्या.

भालू खाली उतरून अदबीने उभा राहिला. असा तो कधी तुझ्यापुढेही उभा राहिला नसेल. "वैनी, कशी वाटली?"

"खडखडते फार," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरचं पाणी त्यांनी पुसलं नव्हतं. "पण समोरचं सगळं दिसतं."

दादा, आपण दोघांनी त्यांच्यासाठी केवढं ठरवलं. उंची मोजली, पायरी लावली, खड्डे चुकवले. कसं वाटलं, हे त्यांना विचारलं एकट्या भालूने, तेही तू गेल्यावर. ते उत्तर तुला मिळायचं होतं. ते त्याला मिळालं.